गेरूच्या खुणा

२२ नोव्हेंबर १९९३, सोमवार

डॉक्टर म्हणाले, रोज लिहीत जा. काल काय झालं ते आज आठवतं का, हे त्यावरून कळेल. म्हणून बसलो. डायरी माझ्या पोराच्या, कचरूच्या कंपनीची आहे. साल संपत आलं तरी कोरीच पडली होती. वरची छापील तारीख खोडून मी माझी घालतो. अक्षर वाकडं येतं. निजामाच्या राज्यात चार यत्ता उर्दूत झाल्या. मराठी लिहायला मी मागाहून शिकलो, कचरूच्या शाळेच्या पुस्तकावरून.

शनिवारी काय झालं ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर तेही जायचं.

कडूबाकडून परत येत होतो. कडूबा माझा मावसभाऊ. हिमायत बागेच्या मागच्या माळावर त्याची मेंढरं असतात. माझी बायको बानाबाई वारली आणि कचरूनं लासूरजवळचं आमचं घर बंद करून मला इथं शहरात, सिडकोत आणलं, तेव्हापासून कडूबाजवळ जाऊन बसणं एवढंच माझं काम. तर मी घरी आलो, वहाणा काढल्या, आत गेलो आणि पटका टांगायला दारामागं हात घातला. खिळाच नाही. मी सुनेला ओरडलो, "मालन, खिळा कुणी काढला?"

आतून एक अनोळखी बाई आली. तिनं मला खालून वर बघितलं आणि म्हणाली, "बसा बाबा, पाणी देते."

पाणी दिलं, चहापण दिला. बशीत चहा ओतेपर्यंत मला वाटत होतं की ही मालनची कुणी पाहुणी असेल. मग भिंतीवर बघितलं तर आमचा खंडोबा नाही. घर आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून होतं. तिच्या नवऱ्यानं मला आणून सोडलं.

इथली घरं सारखी दिसतात, पण इतकी माणसं आपापल्या घरी बरोबर जातात ना. मी आमच्या गल्लीला तपकिरी शेळीवरून वळायचो. कोपऱ्यावरच्या घरासमोर ती बांधलेली असायची. शनिवारी ती तिथं नव्हती, पुढच्या कुठल्या तरी कोपऱ्यावर होती, तिथं वळलो. कचरूनं त्या माणसाचे आभार मानले आणि दार लावलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

२४ नोव्हेंबर, बुधवार

काल काय केलं ते आठवलं. दुपारी भाकरी, मेथी. संध्याकाळी परत डॉक्टर.

डॉक्टर चांगला माणूस आहे, पण बोलला ते वाईट. म्हणाला, "कातडी खरचटली तर भरून येते, हाड मोडलं तर सांधतं. डोक्यातली पेशी मात्र मेली की मेली. नवी येत नाही. वयानं होतं, काका. जपून राहायचं."

मी विचारलं, रोज मरतात का? म्हणाला, थोड्या मरतात.

तेव्हापासून डोकं टेकलं की वाटतं, आत काहीतरी गळतंय. चहा झाल्यावर गॅसची कळ बंद केली का म्हणून तीनदा उठलो. बंदच होती.

कचरूनं गेटला कुलूप घातलं. म्हणाला, "आण्णा, थोडे दिवस बाहेर नका जाऊ." मी न्हाणीत होतो तेव्हा तो मालनला सांगत होता, नाही जमलं तर लासूरला चुलत्याकडं ठेवू, तिथं वाटा ओळखीच्या आहेत. त्या गावात आता बानाबाई नाही. मी तिथं जाऊन रिकाम्या घराच्या कुलपाकडं बघत बसू का?

२८ नोव्हेंबर, रविवार

कोपऱ्यावरच्या पगारे मॅडम आल्या होत्या. कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकवतात. नवरा दुबईला आहे, घरी त्या आणि सासू. मालनकडं विरजण मागायला आल्या आणि मी गेटच्या आतून रस्त्याकडं बघत बसलेला दिसलो म्हणून थांबल्या. मी डॉक्टरचं बोलणं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "बाबा, कॅनरी म्हणून एक पक्षी असतो. पिवळा. त्यातला नर दर साली नवी गाणी शिकतो. अमेरिकेत त्याचा मेंदू तपासला तर मोठ्या पक्ष्यातसुद्धा नव्या पेशी आलेल्या सापडल्या."

"म्हणजे येत्यात."

"पक्ष्यात येतात. माणसात अजून कुणी बघितल्या नाहीत."

"कुणी बघायला गेलं व्हतं का?"

त्या हसल्या. "फारसं कुणी गेलेलं नाही."

"मग डॉक्टर कसं काय म्हणतो की येत नाय?"

"पुस्तकात तसं आहे. मीही वर्गात तसंच शिकवते."

"मला गाणं येत नाय, मॅडम. मेंढरांना हाकारा घालता येतो, तेवढंच."

"मग दुसरं काही शिका. नवं पाहिजे पण."

विरजण घेऊन त्या गेल्या. अडुसष्टाव्या वर्षी काय शिकायचं? मालन म्हणाली, मामा, कणीक मळायला शिका. चेष्टा करते. पण एक पक्षी करू शकतो, हे ऐकून जरा जेवण गेलं.

५ डिसेंबर, रविवार

युक्ती सापडली. कुणाला सांगायची नाही.

मालननं तुळशीसाठी आणलेला गेरू मोरीजवळच्या डब्यात होता. आमच्याकडं मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून अंगावर गेरूची खूण करतात. प्रत्येक घराची वेगळी. आमची खूण म्हणजे दोन बोटांची उभी रेघ आणि तिच्याखाली अंगठा. बापाची हीच, आज्याची हीच. गेरूत तेल घालायचं, म्हणजे पावसातही जात नाही. शेळी आज इथं, उद्या तिथं. भिंत कुठं जाणार?

कचरूची पहिली पाळी असते. तो वाळूजला कंपनीत गेला की मालन कुलूप काढते. म्हणते, "मामा, त्यांना कळू देऊ नका अन् येळेवर या." पोरगी चांगली आहे.

जिथं जिथं वळायचं तिथं कोपऱ्यावरच्या भिंतीला खाली, मेंढराच्या उंचीवर, खूण केली. लोकांच्या रंगवलेल्या भिंती, म्हणून फार वर केली नाही. पहिलं वळण पगारे मॅडमच्या घराजवळ, तिथं दोनदा केली, गडद. तिथं चुकलो तर सगळंच चुकलं. मग कॉलनीतल्या आप्पासाहेबांचा कोपरा. मग पुढची. पार हिमायत बागेच्या भिंतीपर्यंत. करताना कुणी बघितलं नाही. दुपारची वेळ होती.

१९ डिसेंबर, रविवार

रोज जाऊन येतो. एकदाही चुकलो नाही. खुणा नसत्या तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

आता दुसरीच काळजी. खूण मला उशिरा दिसते. वळून होतं आणि मग खाली बघतो तर खूण मागं राहिलेली. कडूबाला म्हटलं, नजरपण जायला लागली. तो म्हणाला, "तुझी नजर? त्या टेकडीवरलं लंगडं कोकरू कुणी दाखवलं आत्ता?" ते लांबचं दिसतं. जवळचं जात असेल.

कडूबा यंदा माळ सोडून जायचं म्हणतो. त्याचा बाप आणि माझा बाप वाळूजवरून कळप नेत. आता तिथं सगळी शेडं. "मेंढरू उभं करायला जागा नाय," म्हणतो. मी म्हटलं, तिथंच माझा पोरगा उभा आहे, पगार घेतो. यावर त्यानं तंबाखू चोळली. वाईट बोललो का? उद्या विचारीन.

वाटेत तिसऱ्या वळणावरची बाई गच्चीवर मिरच्या वाळत घालते, तिथं शिंक येते. पुढं पिठाच्या गिरणीचा पट्टा फाटलाय, फटफट वाजतो. त्याच्या पुढं एका घराला निळा दरवाजा आहे, तिथला कुत्रा फक्त सायकलवर भुंकतो. हे सगळं कशाला लिहितो? डॉक्टरनं सांगितलं म्हणून.

२ जानेवारी १९९४, रविवार

नवी डायरी मिळाली, पण ही संपली नाही म्हणून हीच वापरतो.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं आता होणार असं सगळीकडं बोलतात. आप्पासाहेब वैजापूरच्या तहसिलीतून रिटायर झालेले, त्यांना सगळं आधी कळतं. ते म्हणाले, संक्रांतीला जाहीर करतील आणि मग बघा. मालननं ज्यादाचं पीठ दळून आणलं. चौकात पोलिसांची गाडी उभी असते. मी पोलिसांसमोरून जाताना छाती पुढं काढतो, म्हणजे म्हातारा भटकतोय असं वाटायला नको.

९ जानेवारी, रविवार

फार वाईट बातमी. घरांवर खुणा करतायत.

आप्पासाहेबांनी गच्चीवर बैठक घेतली. म्हणाले, कॉलनीत काही घरं हेरून ठेवली आहेत, रक्तात बुडवलेल्या हाताचे ठसे उमटवले आहेत. त्यांच्या स्वतःच्या भिंतीवरही आहे. "नाव जाहीर झालं की ते मागणारे येणार आपल्यावर," म्हणाले. खाली पगारे मॅडमच्या सासूबाई मालनला वेगळंच सांगत होत्या. त्यांच्या घरावर खूण आहे, म्हणजे नाव नको असणारे येणार. सगळेच घाबरलेत. रात्रीच्या गस्तीला मीपण नाव दिलं. घाबरलो होतो, पण नाही म्हटलं असतं तर म्हातारा झाला म्हणाले असते.

आज जाता येता मी सगळ्या भिंती नीट बघितल्या. रक्त कुठंच दिसलं नाही. माझ्या गेरूच्या खुणा तेवढ्या आहेत, बाकी भिंती स्वच्छ. माझी नजर खरंच गेली असेल. हाताचे एवढे ठसे आणि मला एकही दिसू नये?

१२ जानेवारी, बुधवार

आजचं आजच लिहितो.

दुपारी निघालो तर पगारे मॅडमच्या गेटपुढं रिक्षा. पिशव्या, वळकटी, सासूबाई पिशवीवर बसलेल्या. मॅडम म्हणाल्या, "बहिणीकडं नाशिकला चाललो, बाबा. निवळलं की येऊ."

मी म्हटलं, "पोलीस हाय की चौकात."

"अठ्ठ्याहत्तर साली ठराव झाला तेव्हा मी होस्टेलवर होते. गावाकडं आमचं घर जाळलं. आई-वडील ज्वारीच्या रानात बसून राहिले. त्या वेळी कुणी खूणसुद्धा केली नव्हती. या वेळी तर करून गेलेत. हे बघा."

त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं. मी बघितलं. दोन बोटांची रेघ आणि खाली अंगठा. दोनदा. गडद.

मला आठवलं, त्या साली आम्ही कळप घेऊन वैजापूरच्या अंगाला होतो. लोक येऊन सांगायचे, इकडं पेटलं, तिकडं पेटलं. मी मेंढरं घेऊन दुसऱ्या बाजूला वळायचो. आज वळायला दुसरी बाजू नव्हती.

म्हटलं, "मॅडम, ही मेंढराची खूण हाय."

त्यांना वाटलं, मी भ्रमात बोलतोय. त्यांनी माझा हात धरला आणि मालनला हाक मारली. आवाज ऐकून आप्पासाहेब आले. मी परत सांगितलं. ते म्हणाले, "सोनाजी, तुम्ही घरी जा, ऊन लागलंय."

मग मी खाली बसलो आणि त्या ठशावर माझा अंगठा टेकवला. कडेला माझ्या अंगठ्यावर जुनी चीर आहे, कातरीची. ठशातही तीच चीर.

आप्पासाहेब वाकून बघत राहिले. "अन् आमच्या कोपऱ्यावरची?"

"ती बी माझीच. तिथून उजवीकडं वळायचं असतंय."

"आम्ही तीन रात्री काठ्या घेऊन जागतोय, सोनाजी."

"मी बी जागलो की तुमच्यासंगं."

मॅडम ठशाकडं बघत होत्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील आणि ते मला सहन होणार नाही. मी म्हटलं, "मला घर सापडत नव्हतं. डोक्यात नवं काही येत नाय म्हणाला डॉक्टर, म्हणून भिंतीवर केलं. तुमच्या दारावर दोनदा केलं, कारण तुमचं घर आलं की मी पोचलो असं समजायचो."

मॅडम सासूबाईंच्या शेजारी पिशवीवर बसल्या आणि तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या. सासूबाई विचारत होत्या, "काय गं, काय म्हणतोय म्हातारा?" रिक्षावाला म्हणाला, "जाना है कि नहीं, मॅडम?" त्यांनी त्याला परत पाठवलं.

तेवढ्यात कचरू पाळीवरून आला. त्याला सगळं कळलं. तोंड लाल झालं. "आण्णा, घरात चला."

"नाय. आधी पुसून येतो."

बादली घेतली, काथ्या घेतला आणि निघालो. पहिली मॅडमची भिंत, दोन्ही. तेल घातलेलं, सहज निघत नव्हतं. मग आप्पासाहेबांची. लोक बघत होते, मी वर बघितलं नाही. गिरणीवाल्यानं बादली भरून दिली. घासत घासत हिमायत बागेच्या भिंतीपर्यंत गेलो, शेवटची पुसली, पाणी ओतलं. सूर्य बुडायला आला होता. हलकं वाटलं. कडूबाकडं न जाता माघारी फिरलो.

वाटभर मला मॅडमच्या आईवडिलांचा विचार येत होता, ज्वारीच्या रानात बसलेल्या. रात्र कशी काढली असेल? पीक केवढं होतं? शिंक आली. कुत्रा एका सायकलवर भुंकला. मागं एक स्कूटर सारखी फटफटत होती. जरा यायची, थांबायची. वळून बघितलं की कोपऱ्याआड. कुणाची तरी बिघडली असेल बिचाऱ्याची.

घरी आलो. दारामागच्या खिळ्याला पटका अडकवला. मालनला म्हटलं, चहा टाक.

मालन माझ्याकडं बघत राहिली. "मामा, खुणा पुसल्या सगळ्या?"

"सगळ्या."

"जाताना पुसल्या का येताना?"

तेव्हा मी खाली बसलो. जाताना पुसल्या होत्या. येताना वाटेवर एकही नव्हती.

कचरू माझ्या मागोमाग आत आला, घामाघूम. म्हणाला, पेट्रोल भरायला गेलो होतो. पंपावर गर्दी असेल, डोळेपण लाल झाले होते त्याचे. त्यानं गेटच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "हरवू नका म्हणजे झालं," म्हणाला. लासूरचं नाव काढलं नाही.

किल्ली पटक्याच्या टोकाला, शेवाला बांधली आहे. लिहिता लिहिता दोनदा चाचपली.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

नाव झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. लांब आहे, म्हणून सकाळपासून घोकत होतो. दुपारी तिळगूळ घेऊन मॅडमकडं गेलो आणि त्यांच्यासमोर न अडखळता म्हणून दाखवलं. मास्तरासमोर कविता म्हणतात तसं.

मॅडम म्हणाल्या, "बाबा, परत एकदा म्हणा."

परत म्हटलं. त्यांच्या सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. सोळा वर्षं लागली म्हणाल्या. मॅडमनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

मी विचारलं, "खूण पुसली, पण डाग राहिलाय थोडा. चुना लावून देऊ?"

"राहू द्या. वळायला बरा पडेल."

"आता नाय लागत," मी म्हटलं. बोलल्यावर भीती वाटली, उगाच मोठं बोललो. पण त्या मान हलवत होत्या.

आप्पासाहेबांकडंही गेलो. त्यांनी दार उघडायला वेळ लावला. तिळगूळ घेतला. म्हणाले, "गस्त बंद केली. झोप नाही राहिली." मी म्हटलं, मलापण. मॅडमच्या सासूबाईंनी त्यांच्यासाठी दिलेली पुडी माझ्याकडं होती. ती दिली. त्यांनी पुडी उलटसुलट बघितली, मग एक वडी काढून तोंडात टाकली.

गावात आज काय होईल म्हणून सकाळपासून जीव टांगणीला होता. आमच्या गल्लीत काही झालं नाही. पोरांनी पतंग उडवले.

नोव्हेंबर १९९८

ही जुनी डायरी पेटीत सापडली. मागची पानं कोरी आहेत, वाया कशाला घालवायची. तारीख बघायला उठावं लागेल, गुडघा दुखतोय. महिना बरोबर आहे.

पगारे मॅडम इंग्रजी पेपर घेऊन धावत आल्या. केस पिकलेत आता त्यांचे. म्हणाल्या, "बाबा, सापडल्या. माणसात सापडल्या. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत नव्या पेशी. स्वीडन आणि अमेरिकेच्या डॉक्टरांनी बघितल्या."

"म्हणजे गेलं व्हतं कुणीतरी बघायला."

"गेलं. आता मला वर्गात बदलून शिकवावं लागेल."

मालननं चहा ठेवला. मी विचारलं, डोक्याच्या आत कसं काय बघितलं? त्यांनी सांगितलं, ती माणसं आजारी होती. त्यांना एक औषध टोचलं होतं, नवी पेशी आली तर तिच्यावर त्याची खूण उमटावी म्हणून. ती वारल्यावर मेंदू तपासला तेव्हा खुणा दिसल्या.

"वारल्यावर? मग त्यांना कळलंच नाय."

"नाही, बाबा. त्यांना कसं कळणार?"

वाईट वाटलं त्यांचं. डोक्यात नवं उगवत होतं आणि बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नाही. मला तरी कुठं कळलं होतं? खुणा पुसून त्या दिवशी रिकामी बादली घेऊन मी घरी आलो, पटका खिळ्याला अडकवला आणि नुसता चहा मागितला.